मोहाचं पान: एका वारली पाड्यावरच्या खाद्यनोंदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पालघर जिल्ह्यातला डोंगराच्या पायथ्याचा एक पाडा. पाड्याचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. हा भाग जव्हार संस्थानात नव्हता. तो इंग्रजांच्या थेट अमलाखालच्या ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे मुंबई सरकारने केलेला प्रत्येक कायदा इथे सरळ येऊन धडकला.

पाड्यावर बहुतेक घरं वारल्यांची, ओढ्यापलीकडे काही कातकऱ्यांची. भात, नागली, वरई, थोडे उडीद, बाकी जंगल. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग कोळीची भाजी, बांबूचे कोंब, पुढे थंडीत करांदे. बचत गटातल्या बायका आणि आश्रमशाळेतल्या एक शिक्षिका यांनी मिळून ठरवलं, की या खाण्याची एक वही करायची. काय खातो, कुठून आणतो, कसं रांधतो, आणि त्या त्या वेळी कुठल्या गोष्टी सांगितल्या जातात. कारण अगदी व्यवहारातलं होतं. मुली पहिलीपासून निवासी आश्रमशाळेत. उन्हाळी सुट्टी संपून शाळा उघडते ती जूनच्या मध्यावर, म्हणजे शेवळं, कोळी, कोंब हे सगळं निघायला लागतं तेव्हा मुली वसतिगृहाच्या आमटी-भातावर. आईच्या मागे रानात जायचे दिवसच त्यांच्या वाट्याला येत नाहीत.

जुनी सरकारी कागदपत्रं वाचून त्यातलं कामाचं काय ते सांगण्यासाठी मला बोलावलं होतं. बैठकांना मी बसलो. निर्णय ग्रामसभेचे होते.

सुरुवात झकास झाली. शेवळाची खाज मोडायला काकडं, म्हणजे आंबट रानफळं, किती घालायची यावर दोन जावांचं भांडण झालं आणि दोन्ही प्रमाणं वहीत गेली. कडू करांद्याच्या वेळी तर शिक्षिकेलाच धडा मिळाला. हा कंद नीट साफ केला नाही तर बाधतो. पातळ काप करायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे, करंडीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचे. बाईंनी वहीत लिहिलं, ‘एक रात्र’. सांगणारी म्हातारी म्हणाली, “रात नको लिवू. सकाळी एक काप जिभेवर ठेवाचा. घसा धरला तं परत पान्यात.” पाणी जोरात असेल तर लवकर, मंद असेल तर उशिरा. वहीत शेवटी ‘जीभ सांगेल तोवर’ असं लिहिलं गेलं, आणि पाककृतीच्या पुस्तकात ते ओळीने बसत नाही याची कुणालाही फिकीर वाटली नाही.

अडचण कुठे आली

मोहाचं पान कोरंच राहिलं.

फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं पहाटे टपटपतात. उन्हं वर यायच्या आत वेचायची, उन्हात वाळवायची, की वर्षभर टिकतात. दुष्काळी दिवसात, आणि एरवीही, ती भाजून, उकडून, कडधान्यात घालून, तिळाबरोबर कुटून खाल्ली जातात. बियांचं तेल निघतं. हे सगळ्यांना ठाऊक. तरी विचारलं की उत्तर एकच: “आमी मोह नाय खात.” हे ज्या बाईने सांगितलं तिच्या ओटीवर त्याच वेळी मोह वाळत पडला होता. दुसरी एक जरा मोकळी झाली, “लिवलेला कागद पोलिसाच्या हातात गेला तं? तू येशील का सोडवाला?”

पाठोपाठ आणखी तीन गुंते उभे राहिले. शहरातून मदतीला आलेल्या एका तरुणाने प्रस्तावनेसाठी ‘इतिहास’ लिहून आणला. त्याने तो १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरवरून उचलला होता, त्यामुळे पाड्याच्या स्वतःच्या वहीत पहिल्याच पानावर वारली कसे दारूचे शौकीन आणि कातकरी कसे भरवशाचे नाहीत ते आलं. दुसरं, भगताने कणसरीची कथा रेकॉर्ड करू द्यायला नकार दिला. कणसरी ही धान्याची देवी; तिची कथा पीक हाती आल्यावर घांगळी या भोपळ्याच्या तंतुवाद्याच्या साथीने लावायची. चैत्रात मोबाइलसमोर बसून ती म्हणायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते तो समजुतीने, पण पुन्हा पुन्हा सांगत होता. तिसरं, खाद्यमहोत्सव भरवणाऱ्या शहरातल्या एका मंडळींनी पुस्तक छापून देण्याची तयारी दाखवली. रंगीत छपाई, पाड्याला काही पैसे, महोत्सवात दोन दिवस स्टॉल. त्यांना मुखपृष्ठावर मोह हवा होता आणि आत कणसरीची कथा, ‘सोप्या भाषेत’.

कागदात काय सापडलं

बायकांची भीती कुठून आली हे शोधायला फार खोल जावं लागलं नाही. १८७८ साली दोन कायदे आले, जंगलाचा आणि मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा. जंगलाच्या कायद्याने राखीव वनं आखली, राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन भाजण्यासाठी, फांद्या तोडण्यावर आणि डोंगरउतारावर नागली-वरई करण्यावर टाच आली. राबाचा प्रश्न ठाणे जिल्ह्यात इतका पेटला की १८८५ साली सरकारला वन आयोग नेमावा लागला. आबकारी कायद्याने घरची भट्टी बंद केली. दारू आता सरकारमान्य भट्टीतच गाळायची आणि मक्तेदाराच्या पिठ्यावरूनच, म्हणजे दारूच्या दुकानातूनच, विकत घ्यायची. ताडाच्या झाडावरही कर बसला. मुंबईला आणि आसपासच्या भागाला दारू पुरवणाऱ्या मोठ्या भट्ट्या उरणला होत्या, बहुतेक पारशी व्यापाऱ्यांच्या, आणि त्यांना लागणारा मोह गुजरातेतल्या पंचमहालाकडून यायचा.

तरी घरोघरी मोह होताच, म्हणजे चोरून गाळायची सोय होतीच. मग १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला. तो लागू केला ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांना, म्हणजे उरणच्या दारूची गिऱ्हाइकं जिथे राहत होती तिथेच. फुलं बाळगण्यावर निर्बंध आले. मोह हे गरिबांचं खाणं आहे हा आक्षेप त्या काळातही घेतला गेला होता. महसुलापुढे तो टिकला नाही. पंचमहालातून गाडीभर मोह आणणारा व्यापारी कायद्याने चोख, आणि स्वतःच्या बांधावरच्या झाडाखाली वेचलेली पाटीभर फुलं घरात ठेवणारी बाई संशयित. मला या सगळ्या इतिहासात हेच सर्वांत संतापजनक वाटतं, आणि ते त्या वेळच्या हिशेबी भाषेत इतक्या शांतपणे लिहिलेलं असतं की दोनदा वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही.

कंदमुळांची कहाणी वेगळी. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर लोक अशा वेळी काय खाऊन जगतात याच्या याद्या करायचं सरकारने मनावर घेतलं. १८८६ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरच्या खंडात दुष्काळी खाण्याची अशी यादी आहे. रानातले कंद, पाला, बिया असं बरंच काही त्यात आहे. जे इथे दरवर्षी ठराविक महिन्यात चवीने खाल्लं जातं ते तिथे उपासमारीचं लक्षण म्हणून नोंदलं गेलं. आजही करांदे खातो म्हटलं की कार्यालयातला माणूस ‘इतकी वाईट परिस्थिती आहे का’ असं विचारतो.

स्वातंत्र्याने मोहाची सुटका झाली नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर बंधनं राहिली. राज्य सरकारने फुलं गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं यांवरचे निर्बंध सैल केले ते थेट २०२१ मध्ये. एवढ्या वर्षांत सापडलेल्या पाट्या, झालेल्या झडत्या, द्यावे लागलेले पैसे हे सगळं घराघरांत आहे. त्या बाईने ‘नाय खात’ म्हटलं तेव्हा तिच्यामागे किमान चार पिढ्या उभ्या होत्या.

एक गोष्ट मात्र सरळ रेषेत बसत नाही. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांत देवीचं वारं सुरू झालं. ते डोंगरातून दक्षिण गुजरातेत पसरलं. अंगात आलेली देवी सांगायची, दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, पारशी पिठेवाल्याच्या दारात जाऊ नका. आदिवासींनी दारू सोडली ती तेव्हा कुणा सुधारकाने किंवा साहेबाने सांगितलं म्हणून नव्हे. पाड्यावरच्या दोन घरांत आजही दारू चालत नाही. त्यामुळे ‘मोहाची दारू ही आमची संस्कृती’ असं एकगठ्ठा वाक्य लिहायचा मोह काहींना झाला होता, तो त्या दोन घरांनीच मोडून काढला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय महोत्सववाल्यांचा. पैसा, देखणं पुस्तक, शहरात ओळख. पण छायाचित्रांचे आणि मजकुराचे हक्क त्यांच्याकडे जाणार होते आणि मुदत ठरलेली होती.

दुसरा, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने जी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, तिच्यातच सगळं घालायचं. फायदा असा की ती सरकारदरबारी धरली जाते. पण तिचे रकाने प्रजाती, अधिवास, उपयोग असे. जीभ कुठल्या रकान्यात लिहायची? शिवाय कुठला कंद कुठल्या खोऱ्यात सापडतो हे एकदा पंचायतीच्या कपाटात गेलं की कोण कोण वाचेल याची खात्री नव्हती.

तिसरा, काहीच लिहायचं नाही. हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दोन वयस्क बायका ठाम होत्या की लिहिलेलं हरवतं आणि सापडतंही, आणि दोन्ही वाईट. चौथा, ग्रामसभेनेच स्वतःची वही करायची, छापील नसली तरी चालेल, आणि काय उघडं ठेवायचं काय झाकून ते स्वतः ठरवायचं.

चर्चा तीन आणि चार यांच्यातच झाली. महोत्सवाचे पैसे कुणाला नको होते असं नाही. पण कणसरीचं नाव निघालं की पहिला पर्याय आपोआप मागे पडायचा.

काय ठरलं आणि कसं केलं

चौथा पर्याय ठरला. आता कोरं पान भरायचं कसं, हा खरा पेच. शिक्षिकेचं म्हणणं, ज्या बायका बोलतील त्यांच्याकडून गुपचूप लिहून घेऊ, नावं नको. गटाच्या अध्यक्ष असलेल्या ताईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, गुपचूप लिहिलं की आपणच तो गुन्हा मानल्यासारखं होईल. मग ग्रामसभेत १८७८ पासून २०२१ पर्यंतचे कायदे एकेक करून मोठ्याने वाचले गेले. २०२१ च्या निर्णयाची प्रत फिरली. “मंग दारू?” असा प्रश्न लगेच आला, आणि उत्तरही सरळ दिलं गेलं: फुलांना मोकळीक, घरी गाळणं आजही गुन्हा.

यावरून रेषा आखली गेली. मोहाचं खाणं, वाळवण, तेल, वेचण्याचे वाटे, झाडावरचे हक्क हे सगळं लिहायचं. गाळण्याची रीत लिहायची नाही. एका म्हाताऱ्याने हरकत घेतली, “दारू काढून मोह कसा लिवता? देवाला काय देता मंग, चहा?” हशा पिकला, पण मुद्दा मानला गेला. पूर्वजांना आणि देवाला आधी चार थेंब जमिनीवर सोडायचे ही रीत पानावर आली. त्याच्याखाली देवीच्या वाऱ्याची आणि दारू न चालणाऱ्या घरांचीही नोंद आली. माझ्या मते वहीतलं सर्वांत खरं पान हेच.

पुढच्या फेरीत बायका बोलायला लागल्या. झाडाखालचा पालापाचोळा झाडून कडेला करायचा की जाळायचा, यावर वनखात्याशी होणारी जुनी कटकट बाहेर आली. पाड्यावरचं कुठलं झाड कुठल्या घराचं, लेक सासरी गेली तरी तिला कुठल्या झाडाचा वाटा, हेही. हा भाग कुणी विचारलाच नव्हता.

गॅझेटियरच्या बाबतीत निर्णय दोन टप्प्यांत झाला. प्रस्तावनेतून ते काढून टाकायचं यावर एकमत होतं. तरुण फाडायलाच निघाले होते. पण पाड्याचा सामूहिक वनहक्काचा दावा चालू होता. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जे नियम आहेत त्यांत पुरावा म्हणून गॅझेटियरसारखे सरकारी दस्तऐवजही चालतात आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही. ज्या साहेबाने वारल्यांना नावं ठेवली त्यानेच त्यांच्या खाण्यात रानातली फळं-मुळं असल्याचंही नोंदवून ठेवलं आहे. शेवटी ती पानं वहीतून निघाली आणि दाव्याच्या फाइलीत गेली. वाक्यं तीच, फक्त आता ती पाड्याच्या बाजूने साक्ष देणार होती. सगळ्या प्रकरणातला हा निर्णय मला सर्वांत हुशारीचा वाटतो, आणि तो एका बारावी झालेल्या मुलीने सुचवला.

कणसरीसाठी एकच परिच्छेद लिहिला: ही कथा आहे, कापणीनंतर लावतात, घांगळीवर लावतात, ऐकायची तर तेव्हा यावं. कथा नाही. भगताचं वय पाहता हा धोका होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. म्हणून एका पुतण्याने त्याच्याजवळ बसून शिकायचं असं ठरलं.

वहीचे दोन भाग झाले. उघडा भाग शाळेसाठी. औषधी मुळ्या आणि कंदांच्या जागा असलेला दुसरा भाग ग्रामसभेच्या लोखंडी कपाटात. महोत्सववाल्यांना कळवलं, उघड्या भागातला मजकूर घ्या, हक्क आमचे, कथा नाही. त्यांनी सौजन्याने नकार दिला.

काय झालं

छपाईला पैसे नव्हते. उघड्या भागाच्या झेरॉक्स काढून स्पायरल बांधणी केली, चित्रं मुलींनी काढली. आश्रमशाळेचा आहार ठरलेला असतो, त्यात फेरफार जमला नाही. पण जूनमध्ये एका शनिवारी मुलींना पाड्यावर आणायची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली, आणि मुलींनी शेवळं स्वतः सोलली. कडू करांदा मात्र मुख्याध्यापकांनी स्पष्टपणे नाकारला. विषबाधा झाली तर जबाबदार कोण? या एका बाबतीत मला त्यांची बाजू पटते. ती रीत घरीच शिकायची.

बचत गटाने आठवडी बाजारात मोह-तिळाचे लाडू मांडले. पहिला प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाचा एकच, “चढत नाही ना?” ताई आता न चिडता उत्तर देतात आणि आधी अर्धा लाडू हातावर ठेवतात. विक्री बरी आहे, बरकत म्हणावी अशी नाही. दावा जिल्हा समितीकडे आहे.

पुतण्याला बोईसरच्या कारखान्यात पाळीचं काम मिळालं. कापणीनंतरच्या रात्री त्याला रजा मिळेल तेव्हाच तो भगताजवळ बसतो. कथेचा किती भाग त्याला येतो, हे भगत सांगत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कणसरीबद्दल मतभेद आजही आहेत. शिक्षिका म्हणतात, रेकॉर्डिंग करून ते भगताच्याच ताब्यात द्यायला हवं होतं. ऐकायचं की नाही त्याने ठरवावं. मला वाटतं नकार मानला हे बरोबर झालं, पण पुतण्याच्या पोटापाण्याचा विचार त्याच बैठकीत व्हायला हवा होता. शिकणाऱ्याने हंगामभर घरी राहायचं तर त्याची मजुरी कुणी भरून द्यायची, हे विचारलंच गेलं नाही. गटाकडे तेवढी शिल्लक तेव्हा होती.

बंद भागाचा प्रश्न बारीक वाटतो, पण वाकडा आहे. किल्ली एकाच माणसाकडे आहे. कोण उघडू शकतं, कुणासमोर, कशासाठी, याचा ठराव नाही. उद्या एखादा संशोधक पत्र घेऊन आला तर ‘नाही’ म्हणायला ग्रामसभेकडे कागद हवा. तो पहिल्याच दिवशी करता आला असता.

आणि कातकरी. वहीत ओढ्यापलीकडच्या घरांचं जवळजवळ काही नाही. कुणी मुद्दाम वगळलं असं नाही, वेळापत्रकाने वगळलं. मोहाची फेरी चैत्रात ठेवली, कारण तेव्हा मोह पडतो. पण दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कातकरी कुटुंबं तेव्हा वीटभट्ट्यांवर असतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे मोह त्यांच्या झाडांखाली पडतो तेव्हा वेचायला तीच नसतात; त्यांची झाडं सध्या कोण वेचतं हा प्रश्न वहीत आला असता तर वारल्यांच्या काही घरांना अवघड गेलं असतं. कदाचित म्हणूनही तो कुणी काढला नाही. पुढची फेरी दसरा ते दिवाळीच्या दरम्यान, ओढ्यापलीकडच्या अंगणात घ्यायची असं आता ग्रामसभेने लिहून ठेवलं आहे, आणि ती लिहून घ्यायला कातकऱ्यांच्याच एका मुलीला बसवायचं ठरलं आहे.